मालिकेला संगीत देणारा काय करतो आणि कशावर जगतो

बडोद्याच्या मराठी घरांत मुलांनी गाणे शिकावे की नाही, हा प्रश्न सहसा निघत नाही. सूरसागर तलावासमोर ज्या महाविद्यालयात आज संगीताच्या पदवीचे वर्ग भरतात, त्याचे मूळ महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी १८८६ साली सुरू करून मौलाबक्ष यांच्याकडे सोपवलेल्या गायनशाळेत आहे. पंडित भातखंडे यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद १९१६ साली याच शहरात भरली. आणि उस्ताद फैयाज खाँ इथल्याच दरबारचे गायक होते. प्रश्न निघतो तो शिक्षण पुरे झाल्यावर, आणि अलीकडे तो एका ठरावीक रूपात निघतो. गाण्याच्या परीक्षा दिलेला, संगणकावर बऱ्यापैकी हात बसलेला मुलगा किंवा मुलगी घरी सांगते की मला मालिकांना संगीत द्यायचे आहे, आणि त्या वाक्यातून घरच्यांच्या डोळ्यांसमोर नेमके काम उभे राहत नाही. रोज संध्याकाळी त्याच मालिका पाहणाऱ्या घरांत हे घडते, कारण या कामाचा बराचसा भाग ऐकणाऱ्याचे लक्ष संगीताकडे जाऊ नये अशाच बेताने केलेला असतो. हा लेख त्या मुलांसाठी आहे आणि त्यांच्या पालकांसाठीही आहे.

संस्थानच्या काळात बडोद्यात गायक, वादक आणि नर्तक यांची व्यवस्था ‘कलावंत कारखाना’ या खात्याकडे असे. पगार ठरलेला, हजेरी ठरलेली, रजेचे नियम ठरलेले; संगीत ही एक नोकरी होती. दूरचित्रवाणीचा आजचा संगीतकार बहुधा कोणाचाच नोकर नसतो. त्याच्या रचनेची लांबी सेकंदांत मोजली जाते आणि त्या रचनेवरचा त्याचा हक्क मात्र कायद्याने त्याच्या हयातीपुरता आणि त्यानंतर आणखी ६० वर्षे टिकतो. या दोन टोकांपैकी सेकंदांचे टोक मुले लवकर शिकतात, कारण त्यावाचून काम मिळतच नाही. साठ वर्षांच्या टोकाकडे उमेदीच्या काळात क्वचितच कोणी पाहते, आणि माझ्या मते या व्यवसायातले खरे नुकसान तिथेच होते.

आधी कामाचे स्वरूप पाहू. आपण ज्याला सरसकट ‘मालिकेचे संगीत’ म्हणतो त्यात निदान दोन वेगळी कामे असतात आणि ती पुष्कळदा दोन वेगळ्या व्यक्ती करतात. एक काम शीर्षकगीताचे: कवीकडून शब्द घेणे किंवा आधी चाल देऊन त्यावर शब्द लिहून घेणे, गायक ठरवणे, गाणे ध्वनिमुद्रित करून देणे. दुसरे काम पार्श्वसंगीताचे: प्रसंगांखाली वाजणारे, संवादांना आधार देणारे, एका दृश्यातून दुसऱ्या दृश्यात नेणारे संगीत. यांशिवाय वाहिनीची ओळखधून, येणाऱ्या मालिकेच्या जाहिरातीचे म्हणजे प्रोमोचे संगीत आणि व्यापारी जाहिरातींच्या जिंगल्स ही कामेही हेच लोक करतात. एकाच प्रकारच्या कामावर वर्षभर घर चालवणारे थोडे, म्हणून या व्यवसायात उतरणाऱ्याने ही सगळी कामे हाताखालून घालवलेली बरी.

सेकंदांचे गणित शास्त्रीय संगीत शिकलेल्या वाचकाला आवडेल असे आहे. प्रोमो किंवा जाहिरात साधारणपणे १०, २० किंवा ३० सेकंदांची असते. संगीतकार संगणकावर काम सुरू करताना प्रथम लय ठरवतो, म्हणजे मिनिटाला किती मात्रा ते ठरवतो. समजा त्याने मिनिटाला ९६ मात्रांची लय धरली. मग ३० सेकंदांत ४८ मात्रा बसतात, म्हणजे आठ मात्रांच्या केरव्याची बरोबर सहा आवर्तने किंवा सोळा मात्रांच्या त्रितालाची तीन. तीच रचना वीस सेकंदांत करायची म्हटली तर ३२ मात्रा, त्रितालाची दोन आवर्तने; आणि दहा सेकंदांत १६ मात्रा, एक आवर्तन. एकाच लयीत तिन्ही लांबींची कामे न मोडता होतात. सहा मात्रांच्या दादऱ्यात काम असेल तर १०८ ची लय सोयीची पडते, कारण मग तीस सेकंदांत नऊ, वीस सेकंदांत सहा आणि दहा सेकंदांत तीन आवर्तने पूर्ण होतात.

हे इतके सरळ असते तर कोणीही केले असते. अडचण शेवटाची आहे. आपल्या कानांना रचना समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, येऊन संपलेली हवी असते, आणि ४८ मात्रांनंतरची सम म्हणजे एकोणपन्नासावी मात्रा. ९६ च्या लयीत ती बरोबर तिसाव्या सेकंदाला पडते, म्हणजे जाहिरात संपून पुढची सुरू होण्याच्या क्षणाला. तिथे सूर वाजला तरी ऐकू येणार नाही. म्हणून जाणता संगीतकार लय किंचित चढवून १०१ च्या आसपास नेतो. सम तेव्हा साडेअठ्ठाविसाव्या सेकंदाच्या सुमारास येते आणि सूर विरण्यासाठी दीड सेकंद उरतो. तिहाई, म्हणजे एकच तुकडा तीनदा, घेऊन समेवर येण्याचा रियाज ज्याने केला आहे त्याला हा हिशेब परका वाटत नाही. फरक एवढाच की मैफलीत गायकाला हवे तर आणखी एक आवर्तन घेता येते आणि इथे ते कधीच घेता येत नाही. आपल्याकडच्या प्रक्षेपणात चित्राच्या चौकटी सेकंदाला २५ या वेगाने सरकतात, त्यामुळे एक चौकट ४० सहस्रांश सेकंदांची होते, आणि दार आपटण्याचा ठोका दोन-तीन चौकटी मागेपुढे झाला तरी सामान्य प्रेक्षकालाही काहीतरी खटकते.

शीर्षकगीताचा प्रवास वेगळा आहे. दूरदर्शनच्या काळात ते सावकाश वाजत असे. १९८७ साली सुरू झालेल्या ‘रामायण’ला रवींद्र जैन यांचे आणि पुढच्याच वर्षी आलेल्या ‘महाभारत’ला राजकमल यांचे संगीत होते, आणि त्या रविवार सकाळी ज्यांनी पाहिल्या त्यांना शीर्षकाची सुरावट आजही आठवते. ‘भारत एक खोज’साठी वनराज भाटिया यांनी ऋग्वेदातले नासदीय सूक्त घेतले आणि समूहस्वरांत ते अशा गांभीर्याने बांधले की कार्यक्रम सुरू होण्याआधीच पाहणाऱ्याची मनोवृत्ती बदलत असे. मराठीत खासगी वाहिनी आल्यावर १९९९ सालच्या ‘आभाळमाया’ला आणि नंतर ‘वादळवाट’ला अशोक पत्की यांनी दिलेल्या चाली घराघरांत गायल्या गेल्या. आता परिस्थिती पालटली आहे. पूर्ण गीत पहिल्या काही भागांत दाखवतात आणि पुढे त्याच्या एखाद-दोन ओळीच उरतात. वेब मालिकांत तर ते ओलांडून जाण्याचे बटण प्रेक्षकाच्या हातात दिलेले असते. म्हणून आज संगीतकाराची सगळी कसोटी पहिल्या चार-पाच सुरांत लागते. स्वयंपाकघरात असलेल्या माणसाला त्या सुरांवरून कळले पाहिजे की मालिका सुरू झाली.

परंतु शीर्षकगीताचे खरे मोल पार्श्वसंगीतात कळते. दैनंदिन मालिकेचा अर्ध्या तासाचा भाग घेतला तर जाहिरातींना तासाला १२ मिनिटांची मर्यादा धरून त्यात प्रत्यक्ष कथानक साधारण २२ ते २४ मिनिटांचे असते. आठवड्याला सहा भाग म्हटले तर कमीत कमी १३२ मिनिटे होतात, म्हणजे जवळपास एक संपूर्ण चित्रपट दर आठवड्याला. चित्रपटाच्या पार्श्वसंगीताला काही आठवडे मिळू शकतात. इथे चित्रीकरण आणि प्रक्षेपण यांत कधी कधी थोडेच दिवस असतात. प्रत्येक भागाला नवे संगीत रचणे एका माणसाच्या आवाक्यातले नाही. म्हणून मालिका सुरू होण्यापूर्वी संगीतकार एक साठा तयार करून देतो, ज्याला व्यवसायात म्युझिक बँक म्हणतात. प्रमुख पात्रांच्या धुना, घराची धून, संशयाची, विरहाची, सणाची, हलक्याफुलक्या प्रसंगाची, उत्कंठा वाढवून भाग तोडण्याची; आणि यांतली प्रत्येक धून वेगवेगळ्या लांबीत, वेगवेगळ्या लयीत, शिवाय वाद्ये सुटी सुटी करून. ताल वेगळा, तंतुवाद्ये वेगळी, बासरी वेगळी अशा या सुट्या पदरांना स्टेम म्हणतात. मग रोज एक संकलक त्या साठ्यातून तुकडे उचलून प्रसंगांखाली लावतो. मालिका वर्षभर चालली की कथेला नवी वळणे येतात, नवी पात्रे येतात, आणि संगीतकाराकडून साठ्यात भर घातली जाते.

शिंपी जसा वाढत्या मुलाच्या कपड्याला आत माया ठेवून शिवतो, तशी मालिकेची मूळ चाल बांधावी लागते. तिचे शब्द काढले, ताल काढला, लय निम्मी केली आणि ती एकट्या बासरीवर मंद्रात वाजवली तरी ती ओळखू आली पाहिजे; तीच ढोलताशांवर चढवली तर लग्नघराची वाटली पाहिजे. शब्दांच्या गमतीवर किंवा वाद्यमेळाच्या झगमगाटावर उभी असलेली चाल या परीक्षेत टिकत नाही. रागसंगीताची तालीम इथे फार उपयोगी पडते, कारण एकाच सुरावटीचे अंग बदलून, न्यासाचा म्हणजे विसाव्याचा स्वर बदलून, एक कोमल स्वर आणून भाव पालटता येतो हे त्या विद्यार्थ्याने वर्षानुवर्षे हाताळलेले असते. जे विद्यार्थी असे समजतात की मालिकांचे काम म्हणजे शिकलेले विसरण्याचे काम, त्यांनी एखाद्या चांगल्या मालिकेतली नायिकेची धून महिनाभर लक्ष देऊन ऐकावी.

जी गोष्ट मात्र संगीताच्या वर्गात शिकवली जात नाही ती म्हणजे संवादाखाली कसे वाजवावे. मैफलीत गायक किंवा वादक हा केंद्रस्थानी असतो; इथे केंद्रस्थानी बोलणारा माणूस आहे. बोललेले शब्द स्पष्ट कळणे हे व्यंजनांवर अवलंबून असते आणि त्या व्यंजनांची महत्त्वाची शक्ती साधारण १,००० ते ४,००० हर्ट्झच्या पट्ट्यात असते. बासरीचे तार सप्तक, संतूरचे तेजस्वी आघात, व्हायोलिनच्या वरच्या तारांचा धारदारपणा हे सगळे नेमके त्याच जागी येऊन बसते. म्हणून आई मुलाला काही सांगत असताना खाली मंद्रातला चेलो, लांब धरलेला षड्ज-पंचम किंवा स्वरमंडलाची एक विरळ लहर एवढेच ठेवावे, आणि तिचे वाक्य संपून ती थांबली की त्या मोकळ्या जागेत बासरीने बोलावे. हे ज्याला साधते त्याचे संगीत कोणी वेगळे काढून वाखाणत नाही, पण तो प्रसंग लोकांच्या मनात राहतो. आजच्या पुष्कळ मालिकांत एकाही वाक्याला शांतता मिळत नाही आणि प्रत्येक वळणाला तीनदा ठोका वाजतो, याचे मला मनापासून वाईट वाटते. त्याचा सगळा दोष संगीतकाराला देता येणार नाही, कारण साठ्यातून काय उचलायचे आणि किती वेळा वाजवायचे हे पुष्कळदा त्याच्या हातात नसते. पण साठ्यात शांत तुकडे पुरेसे ठेवणे तरी त्याच्या हातात असते.

वेब मालिका आणि साप्ताहिक कार्यक्रम यांची पद्धत चित्रपटाच्या जवळची आहे. तिथे आठ-दहा भाग पूर्ण चित्रित झालेले असतात. दिग्दर्शक, संकलक आणि संगीतकार एकत्र बसून संगीत कुठे सुरू व्हावे, कुठे थांबावे आणि कुठे मुळीच नसावे हे ठरवतात. त्यात एक जुनी अडचण आहे. संकलन करताना सोयीसाठी दुसऱ्याच कोणाचे तरी संगीत तात्पुरते लावलेले असते, ते महिनाभर ऐकून दिग्दर्शकाच्या कानात बसते, आणि संगीतकाराला सांगितले जाते की ‘असेच काहीतरी हवे’. अशा वेळी त्या नमुन्याची सुरावट उचलायची नाही. त्या तुकड्याने प्रसंगाला लय दिली, की गडदपणा दिला, की नुसती पोकळी भरली, हे ओळखून ते काम आपल्या सुरांनी करायचे. नक्कल केली तर हक्कभंगाचा दावा संगीतकाराच्या अंगावर येऊ शकतो, कारण करारात बहुधा त्यानेच लिहून दिलेले असते की रचना स्वतंत्र आहे.

या कामात शिरतात कसे? एकच एक दार नाही. वनराज भाटिया लंडनच्या रॉयल अकॅडमीत आणि पॅरिसमध्ये नादिया बुलांजे यांच्याकडे पाश्चात्त्य संगीत शिकून आले, भारतात त्यांनी जाहिरातपटांचे अफाट काम केले, श्याम बेनेगल यांच्या चित्रपटांना संगीत दिले आणि त्यानंतर दूरदर्शनच्या मोठ्या कामांकडे आले. ‘तमस’च्या संगीताला तर राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार मिळाला. रवींद्र जैन हे ‘रामायण’च्या आधीच चित्रपटसृष्टीत स्थिरावलेले नाव होते. अशोक पत्की यांनी हजारो जिंगल्स केल्या, आणि थोड्या सेकंदांत लोकांच्या ओठी बसणारी ओळ बांधण्याची ती सवय त्यांच्या शीर्षकगीतांत स्पष्ट ऐकू येते. पुढच्या पिढीत निलेश मोहरीर यांचे नाव घरोघर पोचले ते बऱ्याच अंशी मालिकांच्या शीर्षकगीतांमुळेच. या सगळ्यांत समान गोष्ट शोधायची तर ती ही की दूरचित्रवाणीचे काम त्यांना हाताशी दुसरे संगीत असताना मिळाले.

बडोद्याच्या मुलांना एक फायदा आहे, ज्याची त्यांना स्वतःला फारशी जाणीव नसते. घरी मराठी, शाळेत आणि बाजारात गुजराती, आणि हिंदी सर्वत्र, अशा तिन्ही भाषांचे उच्चार आणि शब्दांचे वजन त्यांच्या कानांत तयार असते. मराठी ओवीचा तोल, गुजराती गरब्याची उचल आणि हिंदी भजनाची ठेवण यांत ज्याला सहज वावरता येते त्याला तीन भाषांतल्या वाहिन्यांचे काम करता येते. नवरात्रात इथल्या वाद्यवृंदांत जे की-बोर्ड किंवा तालवाद्ये वाजवतात त्यांना हजारो लोकांना तासन्‌तास एका लयीत धरून ठेवण्याचा अनुभव मिळतो, आणि गणेशोत्सवाच्या मराठी कार्यक्रमांत ऐन वेळी गायकाची पट्टी बदलली तरी सावरून घेण्याचा. हे सगळे पुढे कामाला येते. जोडीला स्वरमेळ म्हणजे हार्मनी, संगणकावरचे ध्वनिमुद्रण आणि मिश्रण ही तीन अंगे शिकावी लागतात, आणि ती केवळ पुस्तकावरून येत नाहीत.

म्हणून बहुतेकांच्या आयुष्यात सहायकाची काही वर्षे असतात. मुंबईत एखाद्या प्रस्थापित संगीतकाराकडे किंवा वाद्यमेळ बसवणाऱ्या अरेंजरकडे राहून प्रोग्रामिंग करणे, म्हणजे संगणकावर वाद्यमेळ रचणे. वादकांना बोलावून त्यांचे सेशन सांभाळणे. फाइलींना नीट नावे देऊन त्या वेळेवर पोचवणे. शेवटचे काम क्षुल्लक वाटते, पण रात्री संकलकाला हवा असलेला तुकडा न सापडल्यामुळे दुसऱ्याचे संगीत लागले असे सर्रास घडते. आता घरी बसून बडोद्याहूनही पुष्कळ काम पाठवता येते. तरीही सुरुवातीची वर्षे मुंबईत काढावीत असे माझे मत आहे, कारण काम ओळखीतून येते आणि ओळख एकत्र बसून केलेल्या कामातून होते.

सहायकाच्या या वर्षांतच श्रेयाचा प्रश्न पहिल्यांदा उभा राहतो. ब्रिटिश दूरचित्रवाणीवरची ‘डॉक्टर हू’ ही मालिका १९६३ साली सुरू झाली. तिची धून रॉन ग्रेनर यांनी रचली, परंतु ती प्रत्यक्षात ऐकू आली ती बीबीसीच्या कार्यशाळेत डेलिया डर्बीशायर यांनी ध्वनिफितीचे तुकडे कापून, जोडून, विद्युत उपकरणांतून एकेक सूर घडवून तयार केली म्हणून. ग्रेनर यांनी मानधनाचा अर्धा वाटा डर्बीशायर यांना मिळावा अशी इच्छा दाखवली, पण संस्थेच्या नियमांत ते बसले नाही. आणि पडद्यावर त्यांचे नाव धूनकर्ती म्हणून आले ते २०१३ साली, मालिकेच्या पन्नासाव्या वर्षी, त्यांच्या मृत्यूनंतर. आपल्याकडचे प्रोग्रामर आणि अरेंजर आज जवळपास त्याच जागी आहेत. चाल एकाची आणि ती उभी करणारे हात दुसऱ्याचे असतील तर वाटा काय, नाव कुठे, हे काम सुरू होण्याआधी लिहून घेतले पाहिजे. नंतर ते लिहिले जात नाही.

आता पैशाकडे येऊ. शीर्षकगीताला बहुधा एकरकमी मानधन असते. पार्श्वसंगीताला कधी सुरुवातीच्या साठ्यासाठी एक रक्कम, तर कधी प्रत्येक भागामागे ठरलेला दर. फार प्रचलित झालेली पद्धत म्हणजे पॅकेज: निर्माता एक रक्कम देतो आणि त्यातूनच संगीतकाराने गायक, वादक, ध्वनिमुद्रणाची जागा, मिश्रण हे सगळे भागवायचे, उरेल ते त्याचे. या पद्धतीमुळे खऱ्या वादकांना बोलावणे म्हणजे स्वतःच्या खिशातून देणे ठरते, आणि सारंगी किंवा सनई यांच्या जागी संगणकातले तयार नमुना-ध्वनी वापरण्याचा मोह वाढतो. मालिकांतून जिवंत वाद्ये का कमी झाली याचे उत्तर अभिरुचीपेक्षा या हिशेबात अधिक सापडते. वाहिनीकडून निर्मात्याला पैसे येण्यास वेळ लागतो आणि तो वेळ सगळ्यात शेवटी संगीतकारापर्यंत उतरतो, हेही घरच्यांनी धरून चालावे. मोठी मालिका हातात असूनही काही महिने हात आखडते असतात, ते यामुळेच.

मानधन मिळाले आणि विषय संपला असे पूर्वी होत असे. त्यामागे कायद्याचा इतिहास आहे आणि तो समजून घेण्याजोगा आहे. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ‘संगीतकृती’ची मूळ व्याख्या अशी होती की सुरावट कागदावर लिहिलेली किंवा छापलेली असली पाहिजे. ज्या देशात बहुतेक चाली तोंडी बांधल्या आणि तोंडीच शिकवल्या जात होत्या तिथे ही अट फार जाचक होती. बडोद्यात मौलाबक्ष स्वरलेखन शिकवत होते त्याला तेव्हा अनेक दशके उलटून गेली होती, पण तो देशाचा सर्वसाधारण रिवाज कधीच नव्हता. १९९४ च्या दुरुस्तीने ही अट काढली. आता चाल स्वरलिपीत उतरवलेली असो वा नसो, ती बांधणारा हा संगीतकार ठरतो.

दुसरी अडचण मालकीची होती. निर्मात्याने मोबदला देऊन चित्रपटासाठी संगीत करवून घेतले तर, वेगळा करार नसल्यास, त्याचा पहिला मालक निर्माता ठरतो, असे १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने निकालात सांगितले. त्यानंतर पुढची कित्येक वर्षे संगीतकार आणि गीतकार सगळे हक्क एका सहीने देऊन टाकत राहिले आणि रचना वाजत राहिली तरी त्यांना काही मिळत नसे. २०१२ साली झालेल्या दुरुस्तीने यात मोठा बदल केला. चित्रपटात समाविष्ट असलेल्या कृतीच्या गीतकार-संगीतकाराने हक्क हस्तांतरित केले तरी, चित्रपटगृहातील प्रदर्शन वगळता इतर वापराचे जे मानधन, म्हणजे रॉयल्टी, येते त्यातला समान वाटा घेण्याचा अधिकार त्याला सोडून देता येत नाही. तो फक्त त्याच्या वारसांकडे किंवा वसुलीसाठी कॉपीराइट संस्थेकडे जाऊ शकतो. कायद्याच्या भाषेत ‘चित्रपट’ या व्याख्येत दृश्य चित्रमुद्रणही येते, त्यामुळे मालिका त्याबाहेर राहत नाही, आणि मालिका तर चित्रपटगृहात दाखवलीच जात नाही. यावरून कज्जे झाले आहेत आणि होतही आहेत, म्हणून करार वाचून घेण्यासाठी या विषयातल्या वकिलाला एकदा पैसे देणे हा वायफळ खर्च नाही.

करारात काय पाहावे? हस्तांतर लेखी असले पाहिजे आणि त्यात कोणती कृती, कोणते हक्क, किती काळ, कोणत्या प्रदेशात आणि किती मोबदला हे स्पष्ट असले पाहिजे. मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षांची धरतो आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता धरतो. तयार मसुद्यांत ‘सर्व हक्क, सर्व जगासाठी, कायमचे’ असे शब्द असतात आणि नवा संगीतकार पहिले काम हातचे जाईल या भीतीने सही करतो. ती भीती मला समजते. तरीही दोन गोष्टी त्याने मागाव्यात आणि त्या मागण्याने काम जात नाही: पडद्यावर आणि डिजिटल यादीत आपले नाव, आणि मालिकेचे पुनःप्रक्षेपण, दुसऱ्या भाषेतील आवृत्ती किंवा धूनचा जाहिरातीत वापर झाल्यास त्यासाठी वेगळा मोबदला.

हक्क कायद्यात असला तरी पैसा आपोआप घरी चालत येत नाही. गीतकार, संगीतकार आणि प्रकाशक यांच्या वतीने रॉयल्टी गोळा करणारी इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी १९६९ साली स्थापन झाली आहे. तिचे सभासद व्हावे लागते आणि प्रत्येक रचना स्वतंत्रपणे नोंदवावी लागते: नाव, लांबी, गीतकार कोण, संगीतकार कोण, कोणाचा किती वाटा. गायकांचे हक्क वेगळे आहेत आणि त्यांची वेगळी संस्था आहे. पार्श्वसंगीतासाठी क्यू शीट नावाचा तक्ता लागतो, ज्यात भागाच्या कोणत्या क्षणी कोणती रचना किती सेकंद वाजली हे लिहिलेले असते. सुरुवातीला पाहिलेले सेकंद इथे पुन्हा मोजले जातात, आता पैशासाठी. जो संगीतकार साठा देतानाच प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र नाव आणि लांबी देऊन ठेवतो, त्याच्या रचनांची नोंद संकलकाच्या हातून सुटण्याची शक्यता कमी होते; ‘सॅड १’, ‘सॅड २’ अशी नावे असलेल्या फाइली मात्र कोणाच्या नावावर जमा होतील याची खात्री राहत नाही.

वारसांची गोष्ट घरात बोलायला अवघड असते, पण ती पालकांनीच मुलांना सांगावी. संगीतकृतीवरचा हक्क रचनाकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो, आणि मालिका तोपर्यंत नव्या माध्यमांवर पुन्हा पुन्हा दाखवली जाऊ शकते. संस्थेकडे वारसाचे नाव नोंदवणे, रचनांची अद्ययावत यादी आणि करारांच्या प्रती घरातल्या एका ठिकाणी ठेवणे, आणि पतीला किंवा पत्नीला ती यादी वाचता येईल इतके समजावून ठेवणे, हे काम पहिले मानधन हाती पडले त्याच आठवड्यात करून टाकावे.